कॉफी किती, यापेक्षा कॉफी केव्हा?

आपल्याकडे चहा हा रोजचा आणि कॉफी ही प्रसंगाची. चहा दिवसातून चार वेळा झाला तरी त्याची कोणी मोजदाद ठेवीत नाही. कॉफीला मात्र काहीतरी निमित्त लागते. घरी व्याही आले, कॉफी करा. गणपतीसमोर भजन आहे, मध्यरात्री मोठ्या पातेल्यात जायफळ-वेलदोडा घातलेली दुधाळ कॉफी उकळायलाच हवी. मुलाची बारावी आहे, रात्री अकरा वाजता आई कपभर कॉफी त्याच्या टेबलावर ठेवते. गेल्या काही वर्षांत किराणा दुकानाच्या दारात झटपट कॉफीच्या लहान पुड्यांच्या माळा लटकू लागल्या आणि ही प्रसंगाची कॉफी पुष्कळ घरांत रोजची झाली.

त्याबरोबर दवाखान्यात प्रश्नही येऊ लागले. “डॉक्टर, कॉफी उष्ण असते का हो?” “कॉफीने बीपी वाढते म्हणतात, खरे का?” “मोबाईलवर आले आहे की काळ्या कॉफीने साखर बरी होते, घेऊ का?” कोणी कॉफीला विष ठरवून मोकळा होतो, तर कोणी अमृत. अशा वेळी मी त्यांना उलट एकच प्रश्न विचारतो, “तुम्ही कॉफी घेता केव्हा?” पंचवीस-तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मला असे दिसले आहे की, निरोगी माणसाला बेताची कॉफी सहसा त्रास देत नाही. त्रास होतो तो बहुधा चुकलेल्या वेळेचा. आज त्याविषयीच लिहितो.

कॉफीत असते काय?

कॉफीत शेकडो घटक असतात, पण तरतरी आणणारा घटक म्हणजे कॅफीन. १८१९ साली रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो कॉफीच्या बियांतून वेगळा काढला. हेच कॅफीन चहातही असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील आकडे असे: १५० मिलिलिटर म्हणजे मध्यम कपभर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, झटपट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असा त्यांचा सल्ला आहे. “मी कॉफीला शिवत नाही, फक्त सहा-सात चहा होतात,” असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा. आज जे कॉफीविषयी सांगतो आहे, त्यातील बरेचसे चहालाही लागू आहे.

आता हे कॅफीन काम कसे करते ते पाहू. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अॅडेनोसीन नावाचे द्रव्य हळूहळू साठत जाते. ते मेंदूतील ठरावीक जागांवर जाऊन बसले की आपल्याला गुंगी येते, झोप येते. कॅफीनची घडण या द्रव्याशी मिळतीजुळती असल्याने ते आधीच त्या जागा अडवते. एसटीच्या खिडकीतून आपण सीटवर रुमाल टाकून जागा धरतो ना, तसाच हा प्रकार! अॅडेनोसीन आत येते, पण सीटवर रुमाल! झोप लांबते, थकवा कळत नाही. मात्र थकवा गेलेला नसतो, तो दाराशी उभा असतो. रुमाल उचलला गेला की उभे असलेले सगळे प्रवासी एकदम बसतात आणि माणूस गळून जातो. कॉफी शक्ती देत नाही, ती थकव्याची जाणीव पुढे ढकलते.

हा रुमाल किती वेळ राहतो? निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरातून निम्मे कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात. कोणाला तीन, कोणाला सात. म्हणजे संध्याकाळी पाच वाजता १०० मिलिग्रॅम कॅफीन पोटात गेले, तर रात्री दहाला त्यातले ५० आणि पहाटे तीनला २५ मिलिग्रॅम अजून शरीरात असते. कप धुऊन पालथा घातला तरी कॉफी संपलेली नसते.

झोपेची गोळी मागण्यापूर्वी

झोप येत नाही म्हणून गोळी मागायला येणारे रुग्ण अलीकडे वाढले आहेत. बाजारपेठेतील एक दुकानदार काका असेच आले होते. दुकान रात्री नऊला बंद होते, बारा-एकपर्यंत डोळा लागत नाही, सकाळी अंग जड. चिंता नाही, दुखणे नाही. दिनक्रम विचारता कळले की, संध्याकाळी सहाच्या सुमारास एक कडक कॉफी आणि दुकान आवरताना पुन्हा एक. सकाळचे जडपण घालवण्यासाठी आणखी एक होतीच. रात्रीच्या कॉफीने झोप बिघडते आणि बिघडलेल्या झोपेमुळे सकाळी कॉफी लागते, असे हे रहाटगाडगे होते. मी त्यांना गोळी दिली नाही. दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद, एवढेच सांगितले. पहिले चार दिवस कुरकुर झाली. तिसऱ्या आठवड्यात ते स्वतःच सांगायला आले की, अकराच्या आत झोप लागते.

२०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४०० मिलिग्रॅम कॅफीन झोपण्याच्या तब्बल सहा तास आधी दिले, तरी झोप एक तासाहून अधिक कमी झाल्याचे आढळले. मात्रा मोठी होती हे खरे, पण वेळही थोडाथोडका नव्हता. “मी कॉफी पिऊनसुद्धा घोरतो,” असे काहीजण अभिमानाने सांगतात. झोप लागली तरी ती गाढ लागतेच असे नाही. उशाशी कॅफीन असले की झोप उथळ राहते.

परीक्षेच्या दिवसांत आईवडिलांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. वाचलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. रात्री अकराची कॉफी देऊन आपण मुलाला दोन तास जास्त वाचायला लावतो आणि वाचलेले जिरण्याची वेळ काढून घेतो. त्यापेक्षा साडेदहाला झोपवून पहाटे पाचला उठवा. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले हल्ली ‘एनर्जी ड्रिंक’चे डबे रिकामे करतात. त्यातही शक्ती म्हणजे कॅफीन आणि साखरच असते. बारा वर्षांखालील मुलांना कॉफीची सवय लावूच नये.

लोहाची गोळी आणि कॉफीचा कप

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. हा भाग घरातील सासूबाईंनी आणि नवऱ्याने मोठ्याने वाचून दाखवावा, अशी माझी विनंती आहे.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. म्हणजे दोघींमागे एकीहून अधिक. दम लागणे, पाय ओढणे, जिना चढताना छातीत धडधडणे, याला आपल्या बायका ‘कामाचा शीण’ म्हणतात आणि पुन्हा कामाला लागतात.

सात महिन्यांची गरोदर असलेली एक सून सासूबरोबर तपासणीला आली होती. हिमोग्लोबिन ८.४. दोन महिन्यांपूर्वीचा कागद पाहिला तर त्यावर ८.२. सरकारी आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या लाल गोळ्या ती नेमाने घेत होती, रिकामी पाकिटे दाखवायला घेऊन आली होती. जंताचे औषधही झाले होते. मग रक्त का वाढेना? सासूबाई म्हणाल्या, “गोळीचा वास सहन होत नाही म्हणून मीच तिला सकाळच्या दुधाच्या कॉफीबरोबर देते. गोळी चुकू देत नाही हो!” प्रेमात काही कमी नव्हते, वेळ तेवढी चुकत होती.

कॉफी आणि चहातील पॉलिफेनॉल नावाची द्रव्ये आतड्यात लोहाला पकडून ठेवतात. पकडलेले लोह रक्तात जात नाही, शौचावाटे निघून जाते. दुधातील कॅल्शियमही लोहाच्या वाटेत आडवे येते. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात जेवणाबरोबर एक कप कॉफी घेतली तर अन्नातील लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी आणि चहा घेतला तर ६४ टक्क्यांनी कमी झाले. त्याच प्रयोगातील पुढची गोष्ट अधिक उपयोगाची आहे. जेवणाच्या एक तास आधी कॉफी घेतली तर शोषणावर परिणाम झाला नाही, पण जेवणानंतर एका तासाने घेतली तरी नुकसान जेवणाबरोबर घेतल्याइतकेच झाले. कॉफी तीच, माणूसही तोच, पण वेळ बदलताच परिणाम बदलला.

पालेभाजी, बाजरी, कडधान्ये यांतील लोह आधीच कष्टाने शोषले जाते. त्यावर लगेच चहा-कॉफी ओतली की घासातले पोषण वाया जाते. राष्ट्रीय पोषण संस्थाही जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळा, असे सांगते. ज्यांच्या अंगात रक्त कमी आहे त्यांनी जेवणानंतर दोन तास टाळावी, असा माझा सल्ला आहे.

त्या सुनेला मी गोळी संध्याकाळी, दोन तास चहा-कॉफी न घेता, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायला सांगितली. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्व लोहाला मदत करते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, निदान दोन तासांच्या अंतराने. एवढे कमी हिमोग्लोबिन आणि सातवा महिना, म्हणून दर पंधरवड्याला तपासणीही ठरवली. महिन्याने हिमोग्लोबिन ९.७ झाले, बाळंतपणापर्यंत १०.६. सगळा दोष कॉफीचाच होता असे मी म्हणणार नाही, तिचा आहारही आम्ही सुधारला. पण रोज नेमाने घेतलेल्या गोळ्यांचा बराचसा भाग वाया जात होता, यात शंका नाही. बाळंतपणात थोडाफार रक्तस्राव सर्वांनाच होतो. हिमोग्लोबिन ११ असलेली बाई तो सोसते. ७ किंवा ८ असलेली बाई त्याच रक्तस्रावाने दगावू शकते. म्हणून हा कॉफीचा विषय मी क्षुल्लक मानत नाही.

गरोदरपणाची आणखी एक गोष्ट. दिवस भरत येतात तसतसे कॅफीन शरीरातून फार हळू जाते, पाच तासांऐवजी पंधरा तासांपर्यंत निम्मेच कमी होते. ते वारेतून बाळापर्यंत पोचते आणि बाळाच्या यकृताला ते पचवता येत नाही. गरोदरपणी जास्त कॅफीन घेणाऱ्या स्त्रियांची बाळे कमी वजनाची होण्याचा संभव वाढतो. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली गरोदर स्त्रीसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली. म्हणजे चहा-कॉफी धरून लहान दोन कप पुरेत. पूर्ण बंद करण्याचा हट्ट नको.

थायरॉईड, रक्तदाब आणि रक्ततपासणी

थायरॉईडची गोळी सकाळी अनशापोटी घ्यायची असते हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण गोळी तोंडात टाकून लगेच कॉफीचा घोट घेणारे पुष्कळ आहेत. कॉफीमुळे ही गोळी नीट शोषली जात नाही, मग तपासणीत आकडा चढाच राहतो आणि डोस विनाकारण वाढत जातो. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि कॉफी तासाभराने. हा तास अंघोळ, पूजा, फिरणे यांत सहज जातो.

रक्तदाब असलेल्यांसाठी: दोन-तीन कप कॉफीतील कॅफीन एकदम पोटात गेले तर रक्तदाब वरचा सुमारे ८ आणि खालचा ६ अंकांनी, तीन तासांपर्यंत वाढलेला राहू शकतो. रोज पिणाऱ्यांच्या शरीराला सवय होते, क्वचित पिणाऱ्यांना परिणाम जास्त जाणवतो. म्हणून बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, विडी, तंबाखू काहीही नको. एसटी स्टँडवर कॉफी घेऊन थेट दवाखान्यात येऊन बसलात, तर यंत्रावर दिसणाऱ्या आकड्यात कॉफीचाही वाटा असतो. रक्तदाब ताब्यात असेल तर दिवसाला एक-दोन कपांना माझी हरकत नसते. फारच वाढलेला असेल, किंवा कॉफीनंतर छातीत धडधडत असेल, तर बंद करा आणि दाखवून घ्या.

साखरेची तपासणी ‘उपाशीपोटी’ म्हणजे केवळ पाण्यावर. “काही खाल्ले नाही डॉक्टर, नुसती कॉफी घेतली,” हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. दूध-साखर घातलेली कॉफी म्हणजे खाणेच झाले. पैसे जातात आणि आकडा चुकीचा येतो.

उपासाचे डोके

निर्जळी उपासाच्या दिवशी दुपारनंतर डोके ठणकते, अशी तक्रार असते. पुष्कळदा कारण पित्त नसून चुकलेला चहा-कॉफीचा कप असतो. रोजचे कॅफीन एकाएकी थांबले की बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते, चिडचिड होते. हे दोन दिवसांपासून आठवडाभर टिकू शकते. म्हणून कॉफी सोडायची असेल तर एकदम नको, दर तीन-चार दिवसांनी अर्धा-अर्धा कप कमी करा. दुकानातून परस्पर आणलेल्या काही डोकेदुखीच्या गोळ्यांतही कॅफीन असते, हे वेष्टनावर वाचून पाहावे. अशी गोळी रोज घेणाऱ्याचे डोके कधीकधी गोळीच दुखवत असते.

मग कॉफीत चांगले काही आहे की नाही?

आहे, आणि तेही सांगायला हवे. बेताने कॉफी पिणाऱ्या लोकांत टाईप २ मधुमेह आणि यकृत खराब होणे यांचे प्रमाण कमी असल्याचे अनेक देशांतील पाहण्यांत दिसले आहे. पण पाहणीत दिसणे आणि औषध म्हणून सिद्ध होणे यांत अंतर आहे. मधुमेहाची गोळी सोडून काळी कॉफी पिणे हा शुद्ध आत्मघात होय. कर्करोगाच्या भीतीचे म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ साली मूत्राशयाच्या कर्करोगाबाबत कॉफीवर संशय घेतला होता. २०१६ साली पुरावे पुन्हा तपासून तो मागे घेतला. त्याच वेळी मात्र ६५ अंशांहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण होतात, असे जाहीर केले. म्हणजे कॉफीपेक्षा चटका वाईट. बशीत ओतून फुंकून पिणाऱ्या आपल्या आजोबांना हसू नका.

फायद्यावर पाणी फिरवते ती साखर. कपात दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. असे चार कप झाले की ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरची साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा असे सांगते. तेव्हा पुढच्या महिन्यापासून अर्धा चमचा कमी करा, जिभेला कळणारही नाही. जायफळ चिमूटभरच असावे. झोपेसाठी म्हणून चमचाभर जायफळ उगाळून घेणे घातक आहे. पुडीवर ‘चिकोरी मिश्रण’ लिहिले असेल तर घाबरू नका. ती एका मुळाची भाजलेली पूड असते, तिच्यात कॅफीन नसते. पित्ताचा त्रास असलेल्यांनी मात्र अनशापोटी कडक कॉफी टाळावी.

कात्रण करून ठेवा

सकाळी उठल्यावर थायरॉईडची गोळी असेल तर ती आधी, कॉफी तासाने. न्याहारी आणि जेवण यांपासून कॉफी दूर ठेवा. घ्यायचीच तर जेवणाच्या तासभर आधी घेतलेली बरी. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, तिच्या आगेमागे दोन तास चहा, कॉफी, दूध नको. दुपारी दोननंतर शक्यतो कॉफी नको, झोपेची तक्रार असेल तर मुळीच नको. दिवसाला चहा-कॉफी मिळून तीन-चार लहान कपांवर थांबा, गरोदरपणी दोनवर. बीपी मोजण्याआधी अर्धा तास आणि उपाशीपोटीच्या रक्ततपासणीआधी काहीच नको.

हे कात्रण देवघराच्या शेजारी नको, गॅसच्या ओट्यावर चिकटवा. आणि घरात कोणी लोहाची गोळी घेत असेल, तर ती आज कशाबरोबर घेतली, एवढे आज रात्री जेवताना विचारा.